फळ्यावर न मावलेलं वाक्य

आदरणीय हसन तुंगेकर सरांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या अंकासाठी लेख मागायला समितीची मंडळी कोन गावातल्या आमच्या शाळेत आली, तेव्हा त्यांनी मला बजावून सांगितलं, "मॅडम, सरांच्या निर्भयपणावर लिहा." मी मान डोलावली आणि घरी येऊन तीन दिवस कोऱ्या कागदापुढे बसून राहिले. सर निर्भय नाहीत. सरांइतका घाबरट माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि मी स्वतःला रोज आरशात पाहते, म्हणजे या विषयातलं मला थोडंफार कळतं. तेव्हा समितीची क्षमा मागून मी माझ्या पद्धतीने लिहिते.

सरांची आणि माझी पहिली भेट झाली ती ब्याऐंशी साली, एका शुक्रवारी, वाचनालयाच्या बंद दारावर. मी भिवंडीजवळच्या अंजूर गावाहून कॉलेजला जाणारी आमच्या आळीतली पहिली मुलगी. शुक्रवार हा भिवंडीत यंत्रमागांच्या सुट्टीचा वार, म्हणून त्या दिवशी सकाळी बाजारामागच्या गल्लीतल्या वाचनालयात अभ्यासमंडळ बसतं, असं मैत्रिणीकडून कळलं होतं. दार वाजवलं. आतून आवाज आला, "कोण? एकटेच आहात का?" मी एकटीच असल्याचं सांगितलं. कडी निघाली. पांढरा पायजमा, जाड चष्मा आणि खांद्यावर पंचा अशा वेशातल्या गृहस्थांनी माझ्या मागे गल्लीत दोन्ही बाजूंना पाहिलं, मला आत घेतलं आणि कडी लावली. चार पावलं गेले, परत आले, कडी हलवून पाहिली. बसले, उठले, पुन्हा हलवून पाहिली. मी मनात म्हटलं, यांच्याकडे काय शिकणार?

ते माझ्या मनातलं ओळखून म्हणाले, "आमच्या घरात सगळे वाघ आहेत हो. भीती ही माझी स्वतःची कमाई."

सरांनी शहरातल्या मराठी शाळेत तीस वर्षांहून अधिक काळ इतिहास शिकवला. भिवंडीतल्या कोणत्याही गल्लीत जा, 'सरांनी माझा कान पिळलाय' असं अभिमानाने सांगणारा एक तरी भेटतो. पण त्यांचं खरं काम मी मानते ते शुक्रवारच्या मंडळाचं. तिथे त्यांनी आम्हाला अठराव्या शतकातला एक युरोपी विचारवंत शिकवला. सलग दोन वर्षं, पान पान करून. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, कारण सर स्वतः ते घेत नाहीत. ते त्याला 'आपले पाहुणे' म्हणतात. "नाव घेतलं की लोक नावावर भांडतात," असं त्यांचं म्हणणं. "पाहुणे म्हटलं की निदान पाणी तरी विचारतात."

पाहुण्यांची गोष्ट थोडक्यात अशी. राजे देवाच्या मर्जीने राज्य करतात असं जग मानत होतं, त्या काळात हा माणूस म्हणाला की राज्य लोकांचं आहे आणि कायदा लोकांच्या इच्छेतून निघाला पाहिजे. त्याची पुस्तकं जाळली गेली, त्याला एका गावातून दुसऱ्या गावात पळावं लागलं. तो वारला, आणि पुढे तो राहत होता त्या देशात उलथापालथ झाली. तेव्हा ज्यांच्या हातात सत्ता आली त्यांनी त्याचं नाव घेऊन माणसं मारली. तेव्हापासून एक पक्ष त्याला डोक्यावर घेतो, दुसरा त्याला खुन्यांचा गुरू म्हणतो, आणि सरांच्या मते दोघांनीही त्याची पुढची पानं वाचलेली नाहीत. "तो माणूस गर्दीला भ्यायचा," सर सांगत. "माझ्यासारखाच. त्याचं म्हणणं असं होतं, की घोळक्यात कुजबुज होते, बाजू पडतात, तिथे लोकांची इच्छा कळत नाही. प्रत्येकाने एकटं बसून स्वतःला विचारायचं, सगळ्यांचं भलं कशात आहे? मग जे निघेल ते लोकांचं. त्याच्या चेल्यांना पहिला भाग कळला, दुसऱ्यासाठी त्यांना वेळ नव्हता."

हे सगळं सरांनी मराठीत उतरवून चाळीस पानांची एक वही तयार केली आणि सायक्लोस्टाईलवर तिच्या प्रती काढल्या. 'पाहुण्यांची वही' असं आम्ही तिला म्हणायचो. त्या वहीत सोळाव्या पानावर सरांनी पाहुण्यांचं सार स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात मांडलं होतं. ते असं: 'जनतेची इच्छा हाच कायदा, पण गर्दी म्हणजे जनता नव्हे; ज्याने त्याने आपल्या मनाशी एकटं बसून सगळ्यांच्या भल्याचा विचार केला, की मग जनता बोलते.'

हे वाक्य नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्यावरच आहे.

वाचनालयाच्या व्हरांड्यात एक काळा फळा आहे. त्यावर रोज सुविचार लिहायची पद्धत, आणि शुक्रवारची पाळी माझी. माझं अक्षर मोठं आणि टपोरं, त्याचा मला गर्व. त्र्याऐंशीच्या शेवटी कधीतरी मी सरांचं हे वाक्य सुविचारासाठी निवडलं. फळ्याच्या कडेपर्यंत जाता जाता 'कायदा' इथे जागा संपली. मी वहीत समासात पेन्सिलीने लिहिलं, 'मोठं होतंय, फळ्यावर मावणार नाही,' उरलेलं सोडून दिलं आणि शेवटी पूर्णविराम दिला. आता खरं सांगायचं तर जागेचं निमित्त होतं. पुसून बारीक अक्षरात पुन्हा लिहिता आलं असतं. मला ते अर्धंच जास्त आवडलं होतं. 'जनतेची इच्छा हाच कायदा.' वाचताना अंगावर काटा यायचा. वीस वर्षांच्या मुलीला आणखी काय हवं? त्या शुक्रवारी सर तापाने घरी होते. शनिवारी फळा पुसला गेला.

पुसला गेला, पण त्याआधी कुणीतरी तो वाचला होता. चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्याच्या तोंडावर शहराची हवा बिघडत चालली, तेव्हा ते वाक्य मला नारपोलीच्या रस्त्याला एका भिंतीवर दिसलं, हातभर उंच अक्षरांत, खाली दुसऱ्या धर्माच्या माणसांना शहरातून घालवण्याची भाषा. मी रिक्षात होते. दोन दिवसांनी तेच वाक्य विरुद्ध बाजूच्या एका पत्रकावर छापून आलं. दोन्ही बाजूंना एकच वाक्य, आणि दोघांनाही ते आपलंच वाटत होतं. पाहुण्यांचं दोनशे वर्षांपूर्वी जे झालं होतं ते आमच्या शहरात माझ्या खडूने झालं.

त्या उन्हाळ्यातल्या दंगलीत पुढे काय घडलं ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको आणि बाकीच्यांना सांगून समजणार नाही. एका भिंतीमुळे किंवा एका पत्रकामुळे ते घडलं असं कुणीही म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. तरीपण अंजूरहून जो धूर दिसत होता त्याच्याकडे बघताना माझ्या मनात एकच वाक्य होतं आणि ते माझ्या अक्षरात होतं.

नंतर चौकशी सुरू झाली. ते वाक्य वाचनालयाच्या फळ्यावरून उचललं, असं कुणीतरी सांगितलं. सरांना पोलीस चौकीत बोलावणं आलं. तीन दिवस सकाळी जायचे, संध्याकाळी यायचे. मला हे कळलं ते आमच्या मंडळातल्या नूरमहंमदकडून. हा नूरमहंमद जॉबर, म्हणजे कारखान्यात माग दुरुस्त करणारा कारागीर. एका दुपारी जीव मुठीत धरून सायकलवर अंजूरला निरोप द्यायला आला होता. तो म्हणाला, "सर को पूछ रहे हैं, बोर्ड पे किसने लिखा. सर एकच बात बोलते हैं, वाक्य मेरा है."

मी घरात बसून होते. मला चौकीत जाऊन सांगता आलं असतं. बाबांना सांगता आलं असतं. मी यातलं काहीच केलं नाही. दारावर रिक्षा थांबली की मी मागच्या पडवीत जायची. वही मी भाताच्या कणगीखाली दडवून ठेवली, कारण तिच्या समासात माझा गुन्हा माझ्याच अक्षरात लिहिलेला होता. बाबा म्हणाले, "बाय, आता भिवंडीला जायाचा न्हाय. जा काय वाचाचा हाय ता घरान वाच." मला हायसं वाटलं, हे सांगताना आजही लाज वाटते.

सरांच्या घरी त्या आठवड्यात काय झालं ते मला पुष्कळ वर्षांनी चाचींनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, सांगितलं. तिसऱ्या दिवशी सर चौकीतून आले, कडी लावली, तीनदा तपासली, आणि पाहुण्यांच्या वहीच्या उरलेल्या सगळ्या प्रती एकेक करून चुलीत घातल्या. चाची म्हणाल्या, "मी म्हटलं, अहो, दोन वर्षांची मेहनत. तर म्हणाले, उद्या झडती झाली आणि कुणाच्या प्रतीवर कुणाचं नाव निघालं तर?" पाहुण्यांची पुस्तकं परक्यांनी जाळली होती. ही त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या माणसाने जाळली, भीतीने. गौरव अंकात असं लिहू नये हे मला कळतं. पण सरांचा गौरव करायचा तर मला हे सोडता येत नाही.

आता सरांच्या माणुसकीबद्दल. त्याच पावसाळ्याच्या शेवटी, अजून संध्याकाळी कुणी विनाकारण बाहेर पडत नव्हतं अशा दिवसांत, एका दुपारी आमच्या अंगणात रिक्षा थांबली आणि सर आणि चाची उतरले. चाचींच्या हातात सांदणांचा डबा. आमच्या गावात त्या दिवसांत त्यांच्यातलं कुणी येत नव्हतं आणि आमच्यातलं कुणी तिकडे जात नव्हतं. शेजारची माणसं ओट्यावर येऊन उभी राहिली. मी दाराआड उभी. माझी खात्री झाली की सरांना सगळं कळलंय आणि ते आता बाबांसमोर फळ्याचं नाव काढणार.

बाबा म्हणाले, "सर, तुमी कशाला आलाव? रस्ता बरा न्हाय आजून."

"भीत भीत आलो," सर म्हणाले. "चंद्रकलाबायचं नाव कॉलेजातून कमी होणार आहे असं ऐकलं. एवढंच विचारायला आलो, तुम्ही तिला का पाठवत नाही?"

बाबांनी ओट्यावरच्या माणसांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "मी बी भ्यालोय, सर."

"मग आपण दोघे मिळून भिऊ या," सर म्हणाले. "पण पोरीला येऊ द्या."

बाबा हसले. त्या उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा हसले. ओट्यावरच्या माणसांना त्यांनी हात करून बोलावलं आणि सांदणांचा डबा सगळ्यांमध्ये फिरला. फळ्याबद्दल सर एक अक्षर बोलले नाहीत. मी पुढे बी. ए. झाले, बी. एड. केलं, कोनच्या शाळेत लागले. शुक्रवारचं मंडळही पुन्हा सुरू झालं, मात्र पाहुण्यांचा विषय कुणी काढला नाही. सरांनी तुकड्यातुकड्याने इतर पुष्कळ शिकवलं. मी दर शुक्रवारी ठरवून जायची की आज सांगेन, आणि सुविचार लिहून परत यायची. सुविचार आता मी दोन-तीन शब्दांचेच निवडत असे.

ब्याण्णवचा डिसेंबर आला. देशात काय चाललं होतं ते सगळ्यांना आठवतं. भिवंडीची माणसं मात्र एकदा पोळलेली होती. मोहल्ल्यामोहल्ल्यात दोन्हीकडची माणसं एकत्र बसायला लागली, अफवा आली की आधी एकमेकांकडे माणूस पाठवायचा असं ठरलं. सर अशाच एका समितीत होते, वय अडुसष्ट. रोज सकाळी वाचनालय उघडून बसायचे, म्हणायचे, "घरी बसलो तर जास्त भीती वाटते."

तो बुधवार होता. आमची शाळा लवकर सुटली, म्हणून मी अंजूरला जाण्याआधी वाचनालयात डोकावले. सर वर्तमानपत्र वाचत होते. दूर नारपोलीकडून लूमची, म्हणजे यंत्रमागांची, खटखट नेहमीसारखी येत होती. भिवंडीच्या माणसाला ती ऐकू येत नाही, इतकी ती कानात मुरलेली असते. आणि एकाएकी ती थांबली. सगळीच्या सगळी, एका झटक्यात.

बाहेरच्या वाचकाला यात घाबरण्यासारखं काय ते कळणार नाही. पण आमच्याकडे शुक्रवार सोडून लूम बंद पडणं म्हणजे कारागीर लूम सोडून पळाले, असाच अर्थ तेव्हा प्रत्येकाने घेतला. चौऱ्याऐंशीला शहराला आधी हीच शांतता ऐकू आली होती. दोन मिनिटांत दुकानांची शटरं खाली आली. कुणीतरी ओरडत गेलं, "नारपोली जल गया!" गल्लीच्या एका टोकाला माणसं जमायला लागली, दुसऱ्या टोकालाही जमायला लागली. वाचनालय बरोबर मधोमध.

सरांनी दार लावलं. कडी एकदा, दोनदा, तीनदा तपासली. मी खिडकीच्या फटीतून पाहत होते. माणसं वाढत होती, हातात लाकडं दिसायला लागली होती. आणि मग एका टोकाकडून कुणीतरी ओरडलं, "जनतेची इच्छा!" आणि बाकीच्यांनी पुरं केलं, "हाच कायदा!" नऊ वर्षांनी माझं वाक्य माझ्याकडे परत आलं होतं.

सर माझ्याकडे पाहत होते. मग त्यांनी कडी काढली.

मी म्हटलं, "सर, नको." ते म्हणाले, "खुर्ची दे." त्यांनी खुर्ची व्हरांड्यात, त्या फळ्याखाली नेली. बसले नाहीत, कारण बसले असते तर उठता आलं नसतं असं त्यांनी मला नंतर सांगितलं. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून ते उभे राहिले आणि शाळेतला आवाज काढून ओरडले, "मोमीन अश्फाक!"

कुणाला काही कळेना. सरांचा आवाज चिरका झाला होता. त्यांनी पुन्हा हाक मारली. "मोमीन अश्फाक! वर्गात आहेस की नाही?"

एका टोकाकडून, पुढच्याच रांगेतून, पस्तिशीचा एक दाढीवाला माणूस खाली मान घालून म्हणाला, "हजर, सर."

"भोईर दिलीप!"

दुसऱ्या टोकाकडून उत्तर यायला वेळ लागला. "हजर."

"हजर काय? हजर, सर."

"हजर, सर."

सर हजेरी घेत होते. एक नाव इकडचं, एक नाव तिकडचं. तीस वर्षांचे वर्ग त्यांना तोंडपाठ होते. ज्याचं नाव निघे तो दचकायचा, हातातलं लाकूड पाठीमागे घ्यायचा आणि हजेरी द्यायचा. वर्गात सरांसमोर काठी घेऊन कोण उभं राहणार? दहा-बारा नावं झाली. मध्येच एक तरुण कारागीर धीटपणे म्हणाला, "मास्टरजी, हम तो आपके इस्कूल के नहीं हैं."

"नाम तो होगा?"

"रामशरण."

"तो बोलो हाजिर."

"हाजिर," तो म्हणाला, आणि गर्दीत कुणीतरी हसलं.

मग सरांनी विचारलं, "दिलीप, तुला काय पाहिजे? तुझ्या मागच्यांना विचारत नाही. तुला."

दिलीप भोईर इकडेतिकडे पाहायला लागला. सर थांबले. शाळेतही ते असेच उत्तराची वाट बघत उभे राहायचे. शेवटी तो म्हणाला, "आई एकटी हाय घरी, सर."

"मग इथे काय करतोस? अश्फाक, तुला?"

"सर, मुलगी ट्यूशनला गेलीय. आणायला जायचंय."

तेवढ्यात नारपोलीकडून नूरमहंमद सायकल हाणत आला. घामाने भिजलेला. मोहल्ल्याच्या समितीने ठरवल्याप्रमाणे तो खबर घेऊन निघाला होता. लांबूनच ओरडला, "अरे, लाइट गई है! फीडर उड़ गया! कुछ नहीं हुआ है, कुछ नहीं!" थोड्या वेळाने वीज आली आणि लांबवर एक लूम सुरू झाला, मग दुसरा, मग सगळे. इतका सुंदर आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही.

गर्दी सरांमुळे पांगली की वीज आल्यामुळे, हे मला प्रामाणिकपणे सांगता येणार नाही. सरांना विचारलं तर ते फीडर जोडणाऱ्या वायरमनला श्रेय देतात. मला एवढंच माहीत आहे, की मधली वीस मिनिटं कुणीही पहिला दगड उचलला नाही, आणि असल्या दिवशी वीस मिनिटं पुष्कळ असतात.

सर आत आले. मी कडी लावली. ते म्हणाले, "चंद्रकलाबाय, जरा तिकडे तोंड कर आणि बादलीभर पाणी आण." त्यांचा पायजमा भिजला होता. मी पाणी आणलं. हातपाय धुऊन झाल्यावर ते म्हणाले, "फार घाबरलो होतो गं." मी म्हटलं, "मी पण." मग ते सहज बोलल्यासारखे म्हणाले, "त्यांचं वाक्य अर्धं होतं." मी तेव्हाही बोलले नाही. समोर इतकं घडूनही नाही. भीती किती चिवट असते ते माझ्याकडे बघून शिकावं.

यंदा अमृतमहोत्सवाच्या समितीने ठरवलं की या अंकात पाहुण्यांची वही पुन्हा छापायची, कारण पाहुण्यांबद्दल आजही लोक तेच अर्धं बोलतात. मंडळातल्या जुन्या माणसांकडे शोध झाला. एकही प्रत मिळाली नाही. सर म्हणाले, "जाऊ दे, ती मीच जाळली." आणि मला ठाऊक होतं की एक प्रत आहे. अंजूरला, कणगीखालून पेटीत आणि पेटीतून माळ्यावर गेलेली, सोळाव्या पानावर समासात माझं टपोरं अक्षर मिरवणारी. ते पान फाडून देता आलं असतं. तसा विचार दोन दिवस केला, हेही सांगून टाकते. मग कळलं की सोळावं पान फाडलं तर वही पुन्हा अर्धीच छापली जाईल.

गेल्या शुक्रवारी मी वही घेऊन सरांकडे गेले. सोळावं पान उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. सरांनी चष्मा पुसला, वाक्य वाचलं, समास वाचला. मग म्हणाले, "मावलं असतं गं. अक्षर थोडं बारीक काढायचं होतं."

मी रडायला लागले. म्हटलं, "सर, तुम्हाला ठाऊक होतं?"

"ताप होता, पण अभ्यासमंडळ चुकलं म्हणून चैन पडेना. दुपारी येऊन फळा बघून गेलो होतो. तुझं अक्षर मी ओळखणार नाही?"

"मग चौकीत तुम्ही..."

"आयुष्यात मी अर्धं वाक्य एकदाच बोललो," सर म्हणाले. "तिथे. वाक्य माझं आहे, एवढंच सांगितलं. अक्षर माझं नाही, हे सांगितलं नाही. तीन दिवस एकच भीती होती, तू धावत येशील आणि सगळं सांगून टाकशील. आली नाहीस, बरं झालं."

पंधरा वर्षं मी ज्याला माझा भ्याडपणा समजत होते, त्यासाठीच सर चौकीतल्या बाकावर बसून प्रार्थना करत होते. हे ऐकून मला हलकं वाटलं का? नाही. पण त्यांच्या पायाशी बसता आलं. मी विचारलं, "हे सगळं लिहू का अंकात? पायजम्याचं, चुलीचं, सगळं?" चाची म्हणाल्या, "पायजम्याचं राहू द्या." सर म्हणाले, "लिही. अर्धं नको लिहू."

म्हणून पूर्ण लिहिलं आहे. अंकाच्या संपादकांना माझी हात जोडून विनंती आहे की जागा कमी पडली तर माझं छायाचित्र काढावं, सोळाव्या पानाला हात लावू नये.

सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. डोळ्यांचं ऑपरेशन नीट झालं आहे, गुडघे कुरकुरतात, हजेरी अजून तोंडपाठ आहे. आम्हा सगळ्यांच्या वतीने मी त्यांना आणि चाचींना भरपूर आयुष्य आणि चांगली प्रकृती चिंतते. शंभरी गाठा म्हणणं सोपं आहे. माझं मागणं त्याहून लहान आहे आणि या शहरात राहणाऱ्यांना ते किती मोठं आहे ते कळेल. येणाऱ्या वर्षांत कधीतरी अशी एक संध्याकाळ यावी, की सर दार लावतील, कडी एकदाच तपासतील आणि जाऊन झोपतील.